कॅमेऱ्यामागची रोजीरोटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी माझी मोठी बहीण शिरखुर्म्याचा डबा घेऊन आली. डबा खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "आता तूच त्याला समजाव. तुझंच वेड लागलंय त्याला." 'तो' म्हणजे माझा भाचा. वय चोवीस, वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात कायम नोकरी, घरात स्थळं बघणं चालू. आणि हा म्हणतो, नोकरी सोडून फोटोग्राफर होणार. तोही लग्नाचे फोटो काढणारा नव्हे. कारखान्यांचा माल, हॉटेलांच्या थाळ्या, दुकानांच्या जाहिराती यांचे फोटो काढणारा, म्हणजे कमर्शियल. निघताना तो दारात माझ्या कानाशी पुटपुटला, "मामू, अम्मी कू तुम समझाओ." झालं, मी दोघांच्या मधोमध सापडलो.

आपाचा आरोप अगदीच खोटा नव्हता. बी.ए. करताना तीन वर्षं मी जुन्या शहरातल्या एका स्टुडिओत कामाला होतो. तेव्हा हे शहर औरंगाबाद होतं. आमच्या स्टुडिओतल्या पडद्यावर बीबी का मकबरा रंगवलेला होता. खरा मकबरा सायकलवरून जाता येईल इतका जवळ, तरी माणसं त्या पडद्यापुढेच नवे कपडे घालून उभी राहायची. मी लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये हलवायचो, मग हायपोत टाकायचो. दुपारी निवांतपणी टोकदार पेन्सिलीनं निगेटिव्हवर देवीचे व्रण बुजवायचो. आमचे उस्ताद फोटो झकास काढत, पण पैसे मागताना त्यांची जीभ अडखळे. उधारीची एक लाल वही होती. ती जाड होत गेली आणि दुकान बारीक होत गेलं. मी ते पाहिलं, घाबरलो आणि एका कचेरीत लिपिक म्हणून चिकटलो. कविता केल्या, कारण कवितेला भांडवल लागत नाही.

आता भाच्याला 'नको' म्हणायचं, तर ते त्याच्या भल्यासाठी की माझ्या तेव्हाच्या भित्रेपणाला सोबत मिळावी म्हणून? दोन रात्री या विचारात गेल्या. शेवटी मी त्याला सल्ला दिलाच नाही. दोन माणसांच्या हकिकती सांगितल्या.

पहिले राजा दीनदयाळ. निजामाच्या मुलखाच्या दृश्यांचा त्यांचा १८९२ सालचा अल्बम लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्यात आपला मकबराही आहे. दीनदयाळ मूळचे मेरठजवळच्या सरधन्याचे, जन्म १८४४. रुरकीला इंजिनिअरिंग शिकले आणि इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजपत्रकं आणि नकाशे करायला लागले. कॅमेरा हाती घेतला १८७४ मध्ये, तिशीत. नोकरी मात्र सोडली नाही. साहेब लोकांचे फोटो काढले, ओळखी वाढल्या, १८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर बुंदेलखंडातल्या वास्तूंचे फोटो काढत फिरले. मग आधी दोन वर्षांची रजा घेतली आणि नंतर नोकरी सोडली. तोवर व्हाइसरॉय आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान अशी दोन मोठी गिऱ्हाइकं हाताशी आलेली होती. कॅमेरा घेतल्यापासून तिथवर पोहोचायला अकरा-बारा वर्षं लागली!

धंदा कसा करावा हेही त्या माणसाकडून शिकावं. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ उघडला. तिथे फोटो काढणारी बाईच, एक इंग्रज बाई. ज्यांचा फोटो निघणं अशक्य मानलं जाई, त्यांचीच गिऱ्हाइकी त्यांनी मिळवली. (माझ्या नानीचा आयुष्यात एकच फोटो निघाला, हजच्या पासपोर्टसाठी, त्यात ती कॅमेऱ्यावर रागावलेली दिसते. तिला असा स्टुडिओ मिळायला हवा होता.) १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही शाखा काढली. त्यांच्या स्टुडिओच्या फोटोंत राजवाड्यातल्या मेजवान्या आहेत, तशी आमच्या औरंगाबाद भागातल्या दुष्काळात हाडं निघालेली माणसंही आहेत. ते फोटो मी बघितले, तेव्हा बराच वेळ बोलू शकलो नव्हतो.

दुसरे गौतम राजाध्यक्ष. 'हां, हिरॉइनींचे फोटो काढणारे!' भाचा लगेच म्हणाला. बरोबर, पण ते रसायनशास्त्राचे विद्यार्थी होते हे त्याला ठाऊक नव्हतं. १९७४ मध्ये ते लिंटास या जाहिरात कंपनीत लागले. १९८० च्या सुमारास नट-नट्यांचे चेहरे टिपायला लागले, नाव झालं. तरी नोकरी सोडून पूर्णवेळ व्यावसायिक छायाचित्रकार झाले ते १९८७ मध्ये. म्हणजे तेरा वर्षं पगारावर. जाहिरात कंपनीत बसून गिऱ्हाइकाला काय हवं असतं, तो पैसे कशाचे देतो, हे त्यांना आतून कळलं असणार. २०११ मध्ये ते गेले.

भाचा बोटांवर हिशेब करत बसला. त्यानं आईकडे फक्त सहा महिने मागितले होते. मग आपणहून म्हणाला, राजीनामा नको, साप्ताहिक सुटीच्या दिवशी काम करून बघतो.

पहिलं काम वाळूजच्याच एका छोट्या कारखानदारानं दिलं. चकचकीत स्टीलचे सुटे भाग, कॅटलॉगसाठी. मी मदतनीस म्हणून गेलो, तीस-पस्तीस वर्षांनी! अशा भागाचा फोटो काढणं महाकठीण. तो आरसाच असतो. त्यात खोली दिसते, खिडकी दिसते, फोटो काढणाऱ्याचं नाकही दिसतं. आम्ही चहूबाजूंनी पांढऱ्या कापडाचा तंबू केला, दिवे कापडाबाहेर ठेवले. तरी तो भाग नुसता पांढराफट्ट. मग पोरानं काळ्या कागदाच्या पट्ट्या आत उभ्या केल्या, त्यांची छाया कडांवर पडली आणि भागाला एकदम आकार आला. एका वस्तूला तीन तास. मला तर कवितेची ओळ जुळावी तसं वाटलं.

पुढची गोष्ट इतकी गोड नाही. पैसे चार महिने अडकले. हेलपाटे, 'साहेब बाहेर गेलेत', सगळं झालं. वर तेच फोटो एका मोठ्या फलकावर झळकले. पोरगा चिडून म्हणाला, माझे फोटो मला न विचारता कसे लावले? ओळखीच्या वकिलांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा दाखवला. कलम १७ म्हणतं, पैसे देऊन कुणी सांगून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो काढून घेणारा. मी थक्क झालो. माझ्या कवितेवर मानधन म्हणून कधीकधी नुसता चहा मिळतो, पण ती माझी असते. आणि याचा तीन तासांचा फोटो याचा नाही! तेव्हापासून तो आधी कागद करतो. फोटो किती, कुठे वापरणार, किती वर्षांसाठी, आगाऊ निम्मे पैसे. उस्तादांच्या लाल वहीऐवजी छापील बिलबुक आलं.

आपा अजून पूर्ण राजी नाही. नोकरी चालू आहे, म्हणून गप्प आहे. हिमरू शालींच्या एका दुकानाचं काम त्याला नुकतंच मिळालंय. त्या कापडाची झळाळी कोणत्या कोनातून येते, हे बघायला तो रात्री घरी खिडकीशी शाल धरून बसतो; आपाच ती दोन्ही हातांनी ताणून उभी असते.

गेल्या महिन्यात माझ्या नव्या संग्रहाच्या मलपृष्ठासाठी त्यानं माझा फोटो काढला. दोन तास बसवलं, हसू दिलं नाही. फोटो उत्तम आला. पाकिटात फोटोबरोबर एक कागद होता, बिल नंबर सात. मामूसाठी दहा टक्के सूट, खाली सही. मी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि त्याच दिवशी पैसे दिले.