अंडकोषातली अचानक कळ

बारा-पंधरा वर्षांचा मुलगा पहाटे पोट धरून उठतो, त्याला उलटी होते. घरचे अपचन समजून ओवा देतात. दुखणं खरं तर अंडकोषात असतं, पण लाजेपायी तो ते बोलत नाही आणि तिथेच मोलाचे तास निघून जातात.

अंडकोषातलं वृषण ज्या नाडीवर लोंबतं, तिला पीळ बसला की रक्तपुरवठा तुटतो आणि अशी कळ येते. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर दहापैकी नऊ वेळा वृषण वाचतं. 24 तासांनंतर फारशी आशा उरत नाही. सोनोग्राफीची मदत होते, पण लक्षणं स्पष्ट असतील तर तिच्यासाठीही खोळंबू नये.

सर्जन पीळ सोडवून वृषण टाक्यांनी जागीच पक्कं करतात. दुसऱ्या बाजूचंही करतात, कारण पीळ बसू देणारा रचनेतला दोष बहुधा तिथेही असतो. निकामी झालेलं वृषण मात्र काढावंच लागतं.

पुढचं काय, ही आईवडिलांची खरी काळजी. एक निरोगी वृषण पुरुषी संप्रेरकासाठी पुरेसं असतं, आणि बहुतेकांना पुढे मुलंही होतात. काहींच्या वीर्याची प्रत थोडी उतरते. वाचवलेलं वृषणही काही महिन्यांत आक्रसू शकतं, म्हणून फेरतपासणी चुकवू नका. एकच वृषण उरलं असेल, तर खेळताना संरक्षक गार्ड वापरावं.

पालकांनो, मुलांशी आजच बोला. अंडकोषात अचानक दुखलं, तर रात्र असो वा परीक्षा, लगेच सांगायचं, आणि तुम्ही थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं.