पदरमोड की धंदा?



गेल्या वर्षी आमच्या गावाकडच्या दहा बायकांनी मिळून मसाल्याचा उद्योग काढला. हेतू उत्तम होता. घरात चार पैसे यावेत, एकट्या पडलेल्या बाईला आधार व्हावा. मसालाही झणझणीत. तरी सहा महिन्यांत सगळे थंड झाले. मी त्यांची वही मागवून पाहिली. खर्चाच्या बाजूला मिरची, धने, खोबरे, गिरणीचे पैसे. मजुरीचा रकाना मात्र कोरा! "अहो सर, आपलंच काम, त्याची कसली मजुरी?" असे त्यांच्यातल्या एक आक्का म्हणाल्या. शेवटची चार पाने उधारीने भरलेली. शेजारणीकडे पैसे मागायचे कसे, हा संकोच.

आपल्यापैकी पुष्कळांना नफ्याची अशीच लाज वाटते. चांगले काम म्हटले की पदरमोड आलीच, असे आपण धरून चालतो. म्हणून आज मुंबईतल्या एका उद्योगाची हकीगत सांगतो. नाव तुम्हां सर्वांच्या परिचयाचे आहे: लिज्जत पापड.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, आणि तेही छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. पुढे पावसाळा आला, पापड वाळेनात, आणि चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केले? एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! व्याख्याने देणाऱ्या आम्हां मंडळींना हे सुचले नसते.

प्रथम त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी सांगितले, प्रत एकच ठेवा, उत्तम ठेवा, आणि हिशेब चोख ठेवा. बायकांचाही एक निश्चय पहिल्यापासूनचा. तोटा आला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही. मला यात मोठे शहाणपण दिसते. देणगीने भोक बुजते, पण ते कुठे पडले होते हे कळत नाही. आणि 'गरीब बायकांचे पापड आहेत' म्हणून दया करणारा गिऱ्हाईक एकदा घेतो. दुसऱ्यांदा येतो तो चवीसाठीच.

आता कामाची रीत पाहा. पीठ केंद्रावर मळले जाते. बहिणी ते घरी नेतात आणि लाटलेले पापड परत आणून देतात. तिथे पापड तपासून घेतात आणि लाटण्याची मजुरी चुकती करतात. नफा झाला तर तोही बहिणींचा, तोटा झाला तर तोही त्यांचाच. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. आज चाळीस हजारांहून अधिक स्त्रिया तिच्यात आहेत.

म्हणजे बाईच्या हाती पैसा पडावा हा जो हेतू, तो या मंडळींनी खर्चाच्या रकान्यातच लिहून टाकला. आधी मजुरी, मग नफा. अर्थात ओढाताण यानेही संपत नाही. मजुरी फार वाढवली तर पापड महागतो, खपत नाही, आणि मग लाटायचे काय? फरक एवढाच, की मजुरी घेणारी आणि तोटा सोसणारी बाई तीच असल्यामुळे कोणी कोणाला फसवीत नाही. मुंबईची बाजारपेठ दाराशी होती, हेही विसरू नका. आपल्याला आठवड्याच्या बाजाराची वाट पाहावी लागते.

शिक्षक मित्रांनो, वर्गात नफा-तोट्याचे उदाहरण घालताना घेतलेली किंमत आणि विकलेली किंमत एवढेच सांगून थांबू नका. माल करणाऱ्याची मजुरीही मुलांना धरायला लावा. मी आमच्या बायकांच्या वहीत तो कोरा रकाना भरून पाहिला, तेव्हा किलोमागे ४० रुपये आत जात होते.

त्या परत सुरू करणार आहेत. भाव किती वाढवायचा, यावर अजून एकमत नाही. उधारी मागायला कोणी जायचे, यावर तर मुळीच नाही. पण आक्कांनी चार पानांची नक्कल मात्र करून घेतली आहे.