परत आलेला ई-मेल म्हणजे नकार नव्हे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



माझा व्यवसाय मेल सर्व्हरच्या देखभालीचा. विषय रुक्ष वाटेल, पण त्यापायी एका मुलीचे वर्ष जाणार होते, म्हणून तो आपल्यापुढे मांडतो.

घाटकोपरच्या एका पालकांनी मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज एका संस्थेकडे ई-मेलने पाठविला. काही मिनिटांतच इंग्रजी मजकुरासह तो परत आला. वडिलांना त्यातला ‘डिनाइड’ हा एकच शब्द कळला. “बेटा, नामंजूर झाला,” एवढेच ते म्हणाले. मुलीने कागद आवरून ठेवले. मुदत संपायला दोन दिवस उरले असताना ती माझ्याकडे आली व म्हणाली, “चाचा, यांनी कारण का नाही दिले?”

मी मजकूर वाचला. कारण दिले होते! ‘५५०, रिलेइंग डिनाइड’ असे शब्द होते. म्हणजे अर्ज कोणी पाहिलाच नव्हता. चुकीच्या दारावर गेलेले पत्र तिथूनच परतले होते.

मित्रहो, या विद्येशी आपल्या उपनगरांचा जुना संबंध आहे. जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था आणि पवईची आय.आय.टी. यांच्यात १९८७ च्या सुमारास टेलिफोनच्या तारेवरून ई-मेलची ये-जा सुरू झाली. ‘डॉट इन’ या भारताच्या नावाखालील नोंदणीचे कामही पुढे अनेक वर्षे त्याच संस्थेकडे होते. त्या काळी एक यंत्र दुसऱ्याचे पत्र शेजारधर्माने पुढे पोहोचवीत असे. यालाच रिले म्हणतात. पुढे फुकट्या जाहिरातदारांनी त्याचा गैरफायदा घेतला, तेव्हा ही दारे बंद करावी लागली. आज सर्व्हर फक्त आपल्या घरची पत्रे घेतो, किंवा पासवर्ड देऊन आलेल्या आपल्या माणसाची पत्रे पुढे नेतो. परक्याचे पत्र परक्याकडे नेण्यास तो साफ नकार देतो.

मग पत्र चुकीच्या दारी गेले कसे? इंटरनेटवर डीएनएस नावाची एक जगभर विभागलेली नोंदवही आहे. अमुक नावाची पत्रे कोणत्या सर्व्हरवर द्यावीत, हे तिच्यातील एमएक्स नोंद सांगते. ही नोंद कोणालाही विनामूल्य पाहता येते. मी पाहिली. त्या संस्थेने मेलचे काम नव्या कंपनीकडे दिले होते, पण नोंदीत जुनाच सर्व्हर राहिला होता. बिऱ्हाड हलले, पण टपालवाल्याला कळविले नाही, असा प्रकार! जुन्या सर्व्हरने “हे आता माझ्याकडे राहत नाहीत” म्हणून पत्र परत केले.

मी कार्यालयात फोन केला. तेथील कारकून म्हणाले, “आठवडाभर एकही अर्ज आला नाही, याचे आम्हालाही नवल वाटत होते.” नोंद त्याच दिवशी दुरुस्त झाली. तरी इतर यंत्रांनी जुने उत्तर काही काळ जपून ठेवलेले असते, त्यामुळे बदल सर्वत्र लागू व्हायला काही तास, क्वचित एक-दोन दिवसही लागतात. म्हणून मुलीने अर्जाची छापील प्रत स्वतः नेऊन दिली आणि शिक्क्याची पोच घेतली. अर्ज मुदतीत पोहोचला. परंतु त्या आठवड्यात आणखी किती मुले ‘नामंजूर’ समजून घरी बसली असतील, हा विचार मला अजून सतावतो.

तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. परतीचे पत्र बहुधा ‘मेलर-डेमन’ या नावाने येते. ते यंत्र आहे, अधिकारी नव्हे. आतील तीन आकडी संख्या पाहावी. ती ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती असते व सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होत असेल तर त्याने प्रयत्न सोडला आहे. ‘यूजर अननोन’ असेल तर पत्त्याचे स्पेलिंग तपासावे. ‘होस्ट’ किंवा ‘डोमेन नॉट फाउंड’ असेल तर ‘@’ या चिन्हापुढील नाव चुकले आहे, किंवा त्या नावाची नोंदच बिघडली आहे. ‘रिले’ हा शब्द असेल तर दोष बहुधा समोरच्या नोंदीत किंवा आपल्या मेलच्या सेटिंगमध्ये असतो. परतीचे पत्र पुसू नये. आपण वेळेत पाठविले होते याचा तो पुरावा आहे. लगेच फोन करावा, आणि मुदत जवळ असेल तर स्वतः जाऊन यावे.

संस्थाचालकांनाही विनंती आहे. डोमेनचे नूतनीकरण कधी आहे आणि नोंदी कोणाच्या हाती आहेत, हे दप्तरात लिहून ठेवा. मेलची व्यवस्था बदलली की बाहेरच्या खात्यावरून एक पत्र पाठवून पाहा.

आपल्या मुलांना खरे नकार पचवावे लागतील. पण यंत्राच्या चुकीला नकार समजून कोणी माघार घेऊ नये, एवढेच सांगून मी माझे दोन शब्द पुरे करतो.