मुंबईत बिऱ्हाड शोधताना
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्या भाषणाचा विषय ऐकून चिटणीसांनी हसून विचारले, "एका शयनगृहाच्या जागेवर अर्धा तास काय बोलणार?" ती जागा मिळवण्यास आम्हांस अडीच महिने लागले, असे आम्ही त्यांना सांगितले.

आमची गिरगावातील चाळ पुनर्विकासास गेली. नवी इमारत उभी राहीपर्यंत बांधकाम करणारे गृहस्थ दरमहा भाडे देतात. पण जागा शोधून देत नाहीत. वडिलांनी पागडी भरून घेतलेल्या त्या दोन खोल्यांत आमचा जन्म गेलेला. भाड्याची जागा म्हणजे काय, हे साठी उलटल्यावर शिकण्याची पाळी आली.

दलालाने पहिली जागा गोरेगावास दाखवली. "सहाशे चौरस फूट," तो म्हणाला. आमच्या सौभाग्यवतींनी पिशवीतून शिवणकामाची टेप काढली व भिंतीपासून भिंतीपर्यंत माप घेतले. चटईक्षेत्र चारशेच्याही आत भरले. उरलेले दोनशे फूट जिन्यात व भिंतींत असावेत! पण आम्हांस खटकले ते निराळेच. मालकांनी आमचे उत्पन्न विचारले नाही, भाडे वेळेवर द्याल का, हेही विचारले नाही. प्रथम विचारले आडनाव आणि लगेच, "घरात मासळी शिजते का?" शिजते, असे आम्ही सांगितले. दलालाने खाली उतरताना, पुढच्या वेळी 'क्वचित' म्हणा, असा सल्ला दिला.

मालकांचे भय सर्वस्वी खोटे नाही, हेही सांगितले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने कित्येक जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दराशी बांधून टाकली. आमच्या वडिलांना त्याचा लाभ झाला; चाळीच्या मालकाजवळ मात्र डागडुजीलाही पैसे उरेनात, आणि त्यातूनच पागडी बोकाळली. पुढे मालकांनी 'भाडे' हा शब्द टाळून 'लीव्ह अँड लायसन्स'चा आडोसा घेतला, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अशा परवानाधारकांना कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. तेव्हापासून अनेकांनी रिकाम्या जागांना कुलूप लावणेच पसंत केले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ अमलात आला व चित्र पालटले. मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडली नाही, तर कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते व दुप्पट दराने भरपाई मिळते.

येथे एका गैरसमजाविषयी बोलणे प्राप्त आहे, कारण आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे तो बाळगून आहेत. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही,' असे म्हणतात. हे चूक आहे. कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयीच्या वादात भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईतो, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ही नोंदणी आता घरबसल्या संगणकावरून होते. मुद्रांकशुल्क एकूण भाड्यावर व अनामतीच्या व्याजावर शेकडा पाव रुपया. अनामत कधी व कशी परत मिळणार, हे करारातच लिहून घ्यावे, आणि किल्ली घेण्यापूर्वी नळ, पंखे व भिंतीवरील ओल यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. आम्ही काढली नाहीत. पुढे त्या ओलीचे धनी आम्हीच ठरलो.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना जीभ जड होते. पुण्यास कोथरूडला आमची स्वतःची एका शयनगृहाची सदनिका आहे. चाळ सुटण्यापूर्वी वर्षभर एक परिचारिका ती पाहावयास आली. नोकरी कायम, बोलणे नम्र, अनामत रोख देण्याची तयारी. आम्ही तिचे आडनाव विचारले. मग गाव विचारले. मग "घरच्यांशी बोलून कळवतो," असे म्हणालो व कळवले नाही. दोनदा तिचा दूरध्वनी आला, तो आम्ही घेतला नाही. गोरेगावच्या त्या जिन्यावरून उतरताना आम्हांस ती मुलगी आठवली. सौभाग्यवतींनाही आठवली असावी, कारण स्थानक येईपर्यंत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

ज्ञातीने आपल्या माणसांसाठी घरे उभारली, याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. गावदेवीस १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापली, तेव्हा मुंबईत नव्याने येणाऱ्या कुटुंबाला दुसरा आधार नव्हता. परंतु ज्यांना निवारा नाही त्यांच्यासाठी दार उघडणे निराळे, आणि आलेल्या माणसाचे आडनाव ऐकून दार लावणे निराळे.

आपल्या मंडळात रिकाम्या जागांची नोंदवही आहे. कोथरूडची सदनिका येत्या मे महिन्यात रिकामी होते, म्हणून आम्ही तिचा अर्ज भरून दिला. त्यात 'कोणास द्यावयाची' या रकान्याखाली 'ज्ञातिबांधवांस' असे छापलेलेच आहे. आम्ही त्यावर रेघ मारून 'जो भाडे देईल व जागा नीट ठेवील त्यास' असे लिहिले. अर्ज अपुरा आहे, असे सांगून चिटणीसांनी तो परत केला आहे. तो आज आम्ही बरोबर आणला आहे व अध्यक्षमहाराजांच्या हाती देत आहोत.