छतावरची वीज : आधी हिशोब, मग सही

 

गेले काही महिने आमच्या प्रभागात कुठल्याही गटाची मासिक बैठक असो, बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले, की सोलरचा विषय निघतोच. गावात कुणीतरी माणूस येऊन गेलेला असतो. त्याने घराचा फोटो काढलेला असतो, आधार कार्डची झेरॉक्स मागितलेली असते आणि "ताई, बिल शून्य होईल" असे सांगितलेले असते. मग निम्म्या बायका म्हणतात, घेऊन टाकू. निम्म्या म्हणतात, हप्ते कोण भरणार? समन्वयक म्हणून आम्हाला दोन्हीकडचे ऐकावे लागते. आज ते तुमच्यापुढे मांडतो आणि शेवटी आमचे मतही सांगतो.

आधी एक गोंधळ दूर करू. पाणी तापवायचा सोलर वेगळा आणि वीज तयार करणारा सोलर वेगळा. नारायणगाव, मंचरकडे कितीतरी घरांवर नळ्यांचा सोलर बंब आहे. तो फक्त पाणी गरम करतो. आपण बोलतोय ते काळ्या-निळ्या काचेच्या पॅनेलबद्दल. ऊन पडले की त्यातून वीज तयार होते आणि त्यावर पंखा, टीव्ही, फ्रिज, मिक्सर चालतो.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना आणली. देशातल्या एक कोटी घरांवर पॅनेल बसवायचे असे तिचे उद्दिष्ट आहे. एक किलोवॉटला ३० हजार रुपये, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्याला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एक किलोवॉटसाठी सावली न पडणारी साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. चांगले ऊन असेल तर दिवसाला चारेक युनिट, म्हणजे महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट वीज मिळते. आषाढ-श्रावणात, विशेषतः भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या बाजूला, सूर्य आठवडाभर तोंड दाखवत नाही, तेव्हा ती खूप कमी होते. हे विकणारा सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

आता घेऊ म्हणणाऱ्यांची बाजू. त्या म्हणतात, घरातला प्रत्येक खर्च वाढतोय, निदान हा एक तरी बांधला जाईल. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते. जिने शिलाई मशीन घेतले, पिठाची छोटी गिरणी टाकली, पापड-शेवयांचे यंत्र घेतले, तिचा निम्मा नफा बिलातच जातो. तिच्यासाठी छतावरची वीज म्हणजे धंद्याचे भांडवलच आहे. आणि हे शहरातच जमते असेही नाही. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाली. शंभरेक घरांची वाडी आहे ती, आपल्या वाड्यांसारखीच.

यातले सगळे आम्हाला पटते. आता दुसरी बाजू ऐका.

एका बैठकीत एक काकू म्हणाल्या, "सोलर घेतला म्हणजे लाईट गेली तरी आमच्या घरात उजेड राहील ना?" साऱ्या जणी मान डोलावत होत्या. मैत्रिणींनो, उत्तर आहे, नाही. अनुदानावर जो साधा सोलर बसतो तो गावाच्या लाईनला जोडलेला असतो. दिवसा जास्त झालेली वीज तो लाईनमध्ये सोडतो, रात्री आपण लाईनमधून घेतो, आणि मीटर दोन्हींचा हिशोब ठेवतो. पण लाईन बंद पडली की तोही आपोआप बंद होतो. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. खांबावर चढून तार दुरुस्त करणाऱ्या माणसाला आपल्या छतावरची वीज लागू नये म्हणून ती आहे. लाईट गेल्यावरही उजेड हवा असेल तर बॅटरी लागते. तिचा खर्च वेगळा, केंद्राचे अनुदान तिला नाही, आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते.

म्हणून "वीज स्वावलंबन" हा शब्द आम्ही जपून वापरतो. साध्या सोलरने बिल उतरते, पण लाईन सुटत नाही. सामायिक विहिरीसारखे आहे हे. आपण त्यात पाणी सोडायचे आणि लागेल तेव्हा काढायचे. विहीर मात्र सगळ्यांचीच राहते. लाईन पूर्ण सोडून बॅटरीवर राहायचे म्हटले तर काय होते, याचेही एक उदाहरण आहे. बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यात धरनई गावात २०१४ मध्ये एका संस्थेने अख्ख्या गावासाठी सोलर आणि बॅटऱ्या बसवल्या. देशभर कौतुक झाले. पण त्यावर जास्त विजेची उपकरणे चालेनात, आणि लोक "असली बिजली" मागू लागले. पुढे गावाला लाईन आली, बॅटऱ्या संपल्या, आणि सोलर पडून राहिला. सूर्याचे काही चुकले नव्हते. देखभाल कोण करणार आणि पैसा कुठून येणार, हे ठरले नव्हते.

आता पैशाकडे येऊ, कारण खरी मेख इथे आहे.

समजा तुमचे बिल महिन्याला ६०० रुपये येते. सोलर बसला तरी स्थिर आकार भरावाच लागतो. म्हणजे महिन्याला साधारण ४५० रुपये वाचतील असे धरा. एक किलोवॉटचा खर्च ५५ हजार धरला आणि ३० हजार अनुदान वजा केले तर आपल्या खिशातले २५ हजार जातात. वर्षाला ५,४०० रुपये वाचले तर साडेचार-पावणेपाच वर्षांत ते फिटतात. हा व्यवहार वाईट नाही.

पण हे २५ हजार गटातून शेकडा दोनने काढले तर? पहिल्या महिन्याचे व्याजच ५०० रुपये. वाचले ४५०. म्हणजे मुद्दल तसेच, आणि वर पन्नास रुपये पदरचे! आजारपण, बियाणे, मुलांची फी यांसाठी गटाचे कर्ज चांगले, कारण ते लगेच आणि विश्वासावर मिळते. पण वर्षानुवर्षे फेडायच्या सोलरसाठी ते महाग पडते. या योजनेसाठी सरकारी बँका काही तारण न घेता सहा-सात टक्के वर्षाच्या व्याजाने कर्ज देतात. तिथे पहिल्या महिन्याचे व्याज दीडशेच्या आत येते. आणि हेही ध्यानात ठेवा, अनुदान सोलर बसून, तपासणी होऊन, मग खात्यावर जमा होते. तोपर्यंत पूर्ण ५५ हजारांची सोय कशी होणार, हे आधी विचारा.

आता जिचे बिल ३०० रुपयेच येते तिचे पाहू. तिचे महिन्याला दीडशे वाचतील. २५ हजार फिटायला चौदा वर्षे लागतील. अशा घराने शेजारणीचे पाहून उडी घेऊ नये. मात्र महिन्याला शंभर युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या गरीब घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये स्वयंपूर्ण महाराष्ट्र योजना आणली. त्यात एक किलोवॉटसाठी दारिद्र्यरेषेखालच्या घराने अडीच हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या घराने पाच हजार आणि सर्वसाधारण गटातल्या घराने दहा हजार भरायचे, बाकी केंद्र आणि राज्याचे अनुदान. अडीच हजार भरले तर तेच पैसे दीड वर्षात वसूल होतात. पश्चिम पट्ट्यातल्या आपल्या ठाकर, महादेव कोळी, कातकरी बहिणींनी आधी या योजनेत आपले नाव बसते का ते पाहावे. डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले, गावे उठली, धरणाच्या पायथ्याशी वीजही तयार होऊ लागली. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या वाडीवर उजेड सगळ्यात शेवटी जायला नको.

मग प्रश्न नावाचा. अर्ज त्याच्याच नावाने होतो ज्याच्या नावावर मीटर आहे. आमच्या गटांत आम्ही विचारले, तर बहुतेक मीटर नवऱ्याच्या नावावर, काही तर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. घर चार भावांत, छत एक, वाटणी झालेली नाही. अशा घरावर पॅनेल बसवून उद्या भांडण लागले तर पॅनेल कुणाचे? हप्ते बाईने भरायचे आणि अनुदान दुसऱ्याच्या खात्यात, असे होऊ देऊ नका. ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर दोघांची नावे लावून घ्या, मीटरचे नाव बदलून घ्या. सोलर नाही घेतला तरी हे काम वाया जात नाही.

आणखी एक. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत, बिबट्याची भीती काय असते ते आपल्याला सांगायला नको. रात्रीची लाईट आली की उसाला पाणी द्यायला घरधनी जातो आणि बॅटरी धरून आपण मागे उभ्या. घरावरच्या सोलरने ही रात्रपाळी सुटत नाही. त्याला दिवसा वीज देणारा शेतीचा सोलर पंप हवा. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे असतात. ज्या घरात एकाच गोष्टीपुरते पैसे आहेत, तिथे आमचे मत स्पष्ट आहे : आधी पंप, मग छत. बिल पुढच्या महिन्यातही भरता येते. अंधारात गेलेले माणूस परत येईलच असे नाही.

शेवटी आमचे म्हणणे. आम्ही सोलरच्या विरोधात नाही. ज्या घराचे बिल मोठे, छत पक्के, मीटर आपल्या नावावर आणि कर्ज बँकेचे, त्या घराने जरूर घ्यावा. बाकीच्यांनी थांबावे, पण हातावर हात ठेवून नव्हे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने वर्षभराची बिले आणा. आळीपाळीने वाचून युनिट लिहा. विक्रेता योजनेच्या यादीतला आहे का, पाच वर्षांची देखभाल लेखी देतो का, वानराने पॅनेल फोडले किंवा गारपीट झाली तर कोण भरून देणार, हे विचारा. पाच-दहा घरे मिळून भाव करा, एकटीने करू नका. कोऱ्या कागदावर सही नाही, ओटीपी कुणाला सांगायचा नाही.

आणि फक्त गिऱ्हाईक होऊन राहू नका. वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातल्या कवठा गावी आपल्यासारख्याच गटांतल्या बायका आयआयटी मुंबईच्या मदतीने सोलर पॅनेल तयार करायला शिकल्या. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी बायकांनीही तसाच कारखाना उभा केला. आपल्या मुलींना आयटीआयमध्ये वायरिंग शिकवली, तर पॅनेल पुसायला आणि फ्यूज बदलायला शहरातून माणूस बोलवावा लागणार नाही.

ऊन फुकट आहे, कर्ज फुकट नाही. एवढे लक्षात ठेवा आणि बिले घेऊन बैठकीला या.