तेलाच्या संग्रहालयात काय ठेवावे?

(लातूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आसामात दिगबोई येथे खनिज तेल उद्योगाचे संग्रहालय आहे. तेथील शुद्धीकरण कारखाना १९०१ सालचा. ते सारे पाहण्याजोगे आहे. पाहताना १९३९ चा तेथील कामगारांचा संप आणि गोळीबारही स्मरावा. परंतु लातूर-नांदेडच्या माणसाचे जुने नाते जमिनीखालच्या तेलाशी नाही, शेतातल्या तेलाशी आहे. त्याचे संग्रहालय येथे उभारायचे झाले, तर त्यात काय ठेवावे?

पहिला मान घाण्याचा. झापड बांधलेला बैल, फिरणारी लाट, आणि करडई, जवस, तीळ, भुईमूग. घाण्याच्या पेंडीत बरेच तेल उरे, म्हणून अर्थशास्त्राने त्याला अकार्यक्षम ठरविले. ते खोटे नव्हते. मात्र ती पेंड गावच्याच जनावरांच्या मुखी लागे आणि तेल्याची मजुरी गावातच राही, हा हिशेब कोणी मांडला नाही. आज शहरांत तेच तेल ‘लाकडी घाण्याचे’ म्हणून चढ्या दराने खपते, ही गंमत निराळी.

पुढे यंत्राच्या गिरण्या आल्या, मग सॉल्व्हंटचे कारखाने. त्यांत हेक्झेन या खनिज तेलाच्याच अंशाने दाण्यातील तेल ओढून काढतात. शिवारातली करडई हटली, सोयाबीन आले. त्याला आपण तेलबी म्हणतो खरे. पण शंभर किलो दाण्यांत तेल अठरा-वीस किलो, उरलेली मुख्यतः पेंड. म्हणून लातूरच्या आडतीवरील भाव परदेशी पेंडबाजाराकडे डोळे लावून बसतो.

शेवटचे दालन कागदांचे असावे. १९८६ साली तेलबिया तंत्रज्ञान अभियान निघाले आणि काही वर्षांत देश स्वयंपूर्णतेच्या जवळ पोहोचला. १९९४ साली पामतेलाची आयात खुली झाली. आता गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. मजुराच्या घरी तेल स्वस्त पोहोचलेच पाहिजे, यात दुमत नाही. त्या स्वस्ताईची किंमत कोरडवाहू शेतकऱ्यानेच का मोजावी, हा प्रश्न आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारभाव त्याच्या खाली होता. मे २०२५ अखेरीस, ऐन पेरणीच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क वीस टक्क्यांवरून दहावर आले. तो हुकूम चौकटीत लावावा आणि शेजारी त्या हंगामातली आडत्याची एक हिशेबपट्टी.