दानाचे फळ कसे मोजावे?

(वडोदरा येथील महाजन-मेळाव्यात केलेले भाषण)



किती वह्या वाटल्या, किती विद्यार्थ्यांचे शुल्क भरले, याचे आकडे आपल्या वार्षिक अहवालात असतात. हिशेब चोख असतो. पण तो आपण काय दिले याचा, घेणाऱ्याच्या पदरात काय पडले याचा नव्हे. वही मिळालेल्या मुलाला वाचता येऊ लागले किंवा कसे, हे आपण कधी पाहिलेलेच नाही.

ज्या नगरीत आपण जमलो आहोत तिला हा विचार नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ साली प्रथम अमरेली भागातील काही गावांत अजमावून पाहिले आणि १९०६ साली ते राज्यभर लागू केले. आधी अजमावणे, मग विस्तार, हा क्रम ध्यानी घ्यावा.

पुढे शतकानंतर याच शहरातील पालिकेच्या शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने मागे पडलेल्या मुलांसाठी ‘बालसखी’ नेमल्या. त्याच परिसरातील, माध्यमिक शिक्षण झालेली तरुणी पंधरा-वीस मुलांना वर्गाबाहेर नेऊन रोज दोन तास अक्षरओळख व अंकगणित शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात त्याचे मोजमाप केले. (बॅनर्जी यांच्या मातुःश्री माहेरच्या पाटणकर, हे जाता जाता सांगतो.) निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला, निम्म्यांत चौथीला, असे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. त्यामुळे एका शाळेची तिसरी दुसऱ्या शाळेच्या तिसरीशी ताडता आली आणि कोणतीही शाळा रिक्तहस्त राहिली नाही. नुसते वर्षारंभीचे व वर्षाखेरचे गुण ताडून भागत नाही. वर्षभरात मूल एरवीही काही शिकतेच.

वडोदरा व मुंबई मिळून वाढ पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी आढळली. लाभ झाला तो बालसखीकडे गेलेल्या मुलांना. मूळ वर्गातली गर्दी कमी होऊनही तेथे उरलेल्यांना लक्षात येण्याजोगा लाभ झाला नाही. शिवाय कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात ही वाढ बरीच ओसरली. हेही त्यांनी लपविले नाही, हे मला नोबेल पारितोषिकाहून (२०१९) मोलाचे वाटते.

कोणी म्हणेल, देवाच्या दारी दिलेल्याची परीक्षा कसली? परीक्षा घेणाऱ्याची नव्हे, देणाऱ्याची आहे. आपल्याकडे शिकविणाऱ्या तिघीच आणि वस्त्या सहा. कोणत्या तीन वस्त्यांत आधी जावे, हे ओळखीपाळखीने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावे. उरलेल्या तिघींत पुढच्या वर्षी जावे. देवाला कौल लावण्याची ज्यांना सवय आहे त्यांना यात वावगे वाटण्याचे कारण नाही. मात्र वाचनाची तोंडी परीक्षा सहाही वस्त्यांत, जूनमध्ये व मार्चमध्ये, न शिकविणाऱ्यांनीच घ्यावी.

या कामास चार जण हवे आहेत. इच्छुकांनी आपली नावे प्रसादापूर्वी चिटणिसांकडे द्यावीत, ही विनंती.